ठाण्याची पायरी

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपल्याकडे म्हणतात. पोलीस ठाण्याच्या पायरीबद्दल अशी म्हण नाही. पण भीती तेवढीच आहे. लहान मूल रडू लागले की आपण म्हणतो, ‘गप बस, नाहीतर पोलीस येईल हं!’ तेच मूल मोठे होते, त्याच्या घरी चोरी होते, आणि ठाण्याच्या दारात त्याचे पाय अडखळतात. दोष त्याचा नाही. आपणच त्याला तसे शिकवले.

आजच्या धड्यात आपण महाराष्ट्राच्या पोलीस खात्याची माहिती घेऊ या. पण मुंबईच्या मोठ्या साहेबापासून सुरुवात नको. आपण गावातून निघू या आणि एका कागदाच्या मागोमाग वर चढू या.

आमच्या रात्रीच्या वर्गात एक मावशी येत. वय साठीच्या जवळ. चार शेळ्या आणि एक बोकड, एवढीच त्यांची दौलत. एका रात्री गोठ्याची कडी तोडून कोणी तरी पाचही जनावरे नेली. सकाळी रिकामे दावे हातात घेऊन मावशी पोलीस पाटलांकडे गेल्या.

पोलीस पाटील म्हणजे पोलीस नव्हे, बरे का! त्यांना गणवेश नसतो. पूर्वी पाटीलकी वाड्यात असे, बापाकडून मुलाकडे जाई. आता तसे नाही. १९६७ साली महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियम झाला. तेव्हापासून पोलीस पाटील सरकार नेमते. नेमणूक महसूल खात्याचे अधिकारी करतात. कितीतरी गावांत आज बायकाही पोलीस पाटील आहेत. गावात गुन्हा घडला, संशयास्पद मृत्यू झाला, भांडण पेटण्याची चिन्हे दिसली, की त्याची खबर ठाण्याला देणे हे त्यांचे काम. त्यासाठी मानधन मिळते. मावशींच्या पोलीस पाटलांनी लगेच ठाण्याला फोन केला आणि म्हणाले, ‘मावशी, खबर मी दिली. पण फिर्याद तुम्हालाच द्यावी लागेल. जनावरे तुमची आहेत.’

मावशी ठाण्यात गेल्या. ठाणे कोणते, ते इथे सांगण्याचे कारण नाही.

ठाण्यात शिरले की समोर टेबलाशी एक पोलीस बसलेला दिसतो. तो ठाणे अंमलदार. दिवस असो, रात्र असो, ही खुर्ची रिकामी नसते. ठाण्यात जे घडते त्याची वेळेनिशी नोंद तो स्टेशन डायरीत करतो. आत ठाण्याचे मुख्य अधिकारी बसतात. ते बहुधा पोलीस निरीक्षक असतात; लहान ठाण्यात सहायक पोलीस निरीक्षक असतात. त्यांच्या हाताखाली उपनिरीक्षक, म्हणजे आपण ज्यांना फौजदार म्हणतो ते. मग सहायक फौजदार, हवालदार आणि शिपाई. खांद्यावर दोन तारे आणि लाल-निळी फीत दिसली तर फौजदार समजावे, तीन तारे आणि तशीच फीत दिसली तर निरीक्षक. दंडावर तीन पट्ट्या असल्या तर हवालदार. ठाण्याची हद्द मोठी असते, म्हणून तिचे भाग पाडतात. एका भागाला बीट म्हणतात. तुमच्या गावाचा बीट अंमलदार कोण, हे तुम्हाला ठाऊक असले पाहिजे. दूरच्या गावांसाठी ठाण्याची एखादी चौकी असते. तिला दूरक्षेत्र म्हणतात.

तर ठाणे अंमलदाराने मावशींची हकीकत ऐकली. एक कागद लिहिला. तो पुढे सरकवला आणि शाईचा पॅडही पुढे केला. साठीची बाई, पदर डोक्यावर. अंगठाच असणार, असे त्याला वाटले.

मावशी म्हणाल्या, ‘थांबा साहेब, वाचते.’

आमचे दुसरे पुस्तक नुकतेच संपले होते. जोडाक्षरांशी मावशींची अजून झटापट चाले. बोट ठेवून, ओठ हलवत त्या वाचू लागल्या. ठाण्यात माणसे ताटकळत होती. एका ओळीवर त्यांचे बोट थांबले. तिथे लिहिले होते, ‘शेळ्या चरावयास गेल्या असता हरवल्या.’

‘साहेब, हरवल्या न्हाईत. चोरल्या. कडी तोडलीया.’

‘एकच की हो आजी.’

‘एकच कसं?’

खरेच, एकच नव्हे. या एका शब्दावर पुढचे सगळे अवलंबून होते. वस्तू हरवली, तर तो गुन्हा नाही. ठाण्यात नोंद होते आणि बहुतेक वेळा गोष्ट तिथेच राहते. वस्तू चोरली, तर तो गुन्हा आहे. चोर शोधावाच लागतो. ‘हरवले’ लिहिले की काम वाचते. असे का होते? एकेका पोलिसाच्या हाती कितीतरी प्रकरणे असतात. शिवाय गुन्ह्यांचा आकडा वाढला की वरून विचारणा होते. मग आकडा वाढू नये याकडे लक्ष जाते, गुन्हा घडू नये याकडे जात नाही. पोलिसांची अडचण आम्हाला समजते. पण त्या अडचणीची किंमत मावशींनी का द्यावी?

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. गुन्हे दोन प्रकारचे असतात: दखलपात्र आणि अदखलपात्र. खून, दरोडा, बलात्कार हे दखलपात्र गुन्हे. त्यांत पोलीस कोर्टाची परवानगी न घेता तपास करू शकतात, अटक करू शकतात. शिवीगाळ, साधी मारहाण हे बहुधा अदखलपात्र. त्यांची नोंद होते, तिला लोक ‘एनसी’ म्हणतात. पण मॅजिस्ट्रेटच्या हुकुमाशिवाय पोलिसांना त्यांचा तपास करता येत नाही. चोरीचे काय? १ जुलै २०२४ पासून देशात नवे फौजदारी कायदे लागू झाले. त्यांत साध्या चोरीचे दोन भाग झाले आहेत. चोरलेल्या मालाची किंमत ५,००० रुपयांहून कमी असेल तर ती चोरी अदखलपात्र. म्हणून फिर्यादीत किंमतही नीट लिहिली गेली पाहिजे. वाढवून सांगू नये, पण संकोचाने कमीही सांगू नये. ‘असतील दोन-चार हजाराच्या’ असे बोलून गेलात तर तपास तिथेच अडेल. मावशींनी बाजारभावाने पाचही जनावरांची किंमत सांगितली. ती ५,००० च्या कितीतरी वर गेली.

दखलपात्र गुन्ह्याची पहिली खबर लिहून घेतात, तिलाच आपण फिर्याद किंवा एफआयआर म्हणतो. ती तोंडी सांगता येते. पोलिसाने ती लिहून घ्यावी, सांगणाऱ्याला वाचून दाखवावी आणि मग त्याची सही घ्यावी, असा क्रम कायद्यातच घातलेला आहे. आधी वाचन, मग सही. सही झाल्यावर तिची एक प्रत फिर्यादीला फुकट द्यावी लागते. झेरॉक्सचेही पैसे द्यायचे नाहीत. गुन्हा दुसऱ्या ठाण्याच्या हद्दीत घडला असला, तरी ‘आमची हद्द नाही’ म्हणून परत पाठवता येत नाही. जवळच्या ठाण्याने खबर लिहून घ्यायची आणि योग्य ठाण्याकडे पाठवायची. काही गुन्ह्यांत मात्र पोलिसांना वरिष्ठांच्या परवानगीने आधी १४ दिवस प्राथमिक चौकशी करण्याची मुभा नव्या कायद्याने दिली आहे.

आणि खबर घेतलीच नाही तर? तर तीच हकीकत कागदावर लिहून टपालाने जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांना पाठवावी. स्पीड पोस्टची पावती जपून ठेवावी. तिथेही दाद लागली नाही तर मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करता येतो.

पोलीस अधीक्षक हे नाव आले, तेव्हा आता ठाण्याच्या वर चढू.

काही ठाणी मिळून एक उपविभाग होतो. त्यावर उपविभागीय पोलीस अधिकारी असतात. सगळ्या जिल्ह्यावर पोलीस अधीक्षक, त्यांना लोक ‘एसपी साहेब’ म्हणतात. त्यांच्या मदतीला अपर पोलीस अधीक्षक असतात. अवघड गुन्ह्यांच्या तपासासाठी जिल्ह्यात स्थानिक गुन्हे शाखा असते. अनेक जिल्हे मिळून परिक्षेत्र होते, आणि त्यावर विशेष पोलीस महानिरीक्षक. या सगळ्यांच्या वर, मुंबईत, राज्याचे पोलीस महासंचालक. तेही राज्याच्या गृह खात्याला जबाबदार असतात. आपल्या घटनेप्रमाणे पोलीस हा विषय राज्याकडे आहे. म्हणून महाराष्ट्राचे पोलीस वेगळे आणि गुजरातचे वेगळे. दिल्लीहून ठाण्याला हुकूम येत नाही.

मुंबई, पुणे, नागपूर, ठाणे, नाशिक, सोलापूर अशा मोठ्या शहरांत अधीक्षक नसतात. तिथे पोलीस आयुक्त असतात. नाव बदलते तसा अधिकारही बदलतो. गावाकडे जमावबंदीचा हुकूम जिल्हाधिकारी किंवा त्यांचे अधिकारी काढतात. शहरात तो आयुक्त काढू शकतात.

आणखीही शाखा आहेत. गुन्हे अन्वेषण विभागाचे मुख्य ठिकाण पुण्यात आहे. राज्यातले किचकट तपास त्याच्याकडे जातात. दंगल, निवडणूक, मोठी यात्रा अशा वेळी जी तुकडी ट्रकमधून उतरते ती राज्य राखीव पोलीस बलाची. ते १९४८ सालापासून आहे. लाच घेणाऱ्यांना पकडणारा लाचलुचपत प्रतिबंधक विभाग वेगळा आहे, त्याचा फोन १०६४. फोनवरून किंवा बँकेच्या खात्यातून फसवून पैसे काढले, तर लगेच १९३० ला कळवावे. आग, अपघात, मारामारी, कोणताही तातडीचा प्रसंग असो, ११२.

फौजदारांचे शिक्षण नाशिकच्या महाराष्ट्र पोलीस अकादमीत होते. शिपायांसाठी खंडाळा, जालना, अकोला अशा ठिकाणी केंद्रे आहेत. शिपाई व्हायला बारावी पास असावे लागते. भरतीत ३० टक्के जागा महिलांसाठी राखीव आहेत. तुमच्या मुलींना हे सांगा.

आता तपासाकडे वळू. मावशींच्या गोठ्यावर दुसऱ्या दिवशी हवालदार आले. त्यांनी पंचनामा केला. पंचनामा म्हणजे जागेवर जे दिसले त्याचे जसेच्या तसे वर्णन. कडी कशी तुटली, दावी कुठे पडली, चाकांच्या खुणा कुठवर गेल्या. शेजारच्या दोघांना पंच म्हणून बोलावले. पंच त्यावर सही करतात, आणि पुढे कोर्टात त्यांना ‘हे तुमच्यासमोर घडले का?’ असे विचारतात. म्हणून न वाचता पंचनाम्यावर सही करणे म्हणजे न पाहिलेल्या गोष्टीची साक्ष देणे. कोऱ्या कागदावर तर कधीच सही करू नये. आता नव्या कायद्याने झडती आणि जप्तीचे चित्रणही करावे लागते.

पण एक गंमत पाहा. फिर्यादीवर सही लागते, पंचनाम्यावर लागते. साक्षीदार तपासात पोलिसांना जो जबाब देतो त्यावर मात्र सही घ्यायची नाही, असे कायदाच सांगतो. का? पोलिसांपुढे घाबरून कोणी काहीही बोलेल, आणि सहीमुळे त्यात अडकून पडेल. साक्षीदाराने खरे काय ते कोर्टात शपथेवर सांगायचे. त्याच कारणाने पोलिसांपुढे दिलेली गुन्ह्याची कबुली हा कोर्टात पुरावा होत नाही. जबाबासाठी बाईमाणसाला, १५ वर्षांखालच्या मुलाला किंवा ६० वर्षांवरच्या माणसाला ठाण्यात बोलावता येत नाही. पोलिसांनी त्यांच्या घरी जायचे.

अंगठ्याचेही जरा सांगू. आपण अंगठा सोडून सही शिकलो. पोलिसांनी मात्र अंगठा सोडलेला नाही! प्रत्येकाच्या बोटांच्या रेषा वेगळ्या असतात. त्यावरून गुन्हेगार ओळखण्याची पहिली कचेरी १८९७ साली कलकत्त्यात निघाली. त्या पद्धतीच्या वर्गवारीमागे अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन भारतीय फौजदारांची मेहनत होती. म्हणून चोरी झालेल्या जागी काही हात लावू नये, झाडू मारू नये. मावशींनी सवयीप्रमाणे सकाळीच गोठा झाडून काढला होता. निम्म्या खुणा त्यातच गेल्या.

आरोपी सापडला तरी पोलिसांनी त्याला शिक्षा द्यायची नसते. हे पुष्कळांना पटत नाही. ‘चांगला चोप द्या, म्हणजे बोलेल,’ असे गावकरीच म्हणतात. पण आज चोर समजून ज्याला चोप बसतो, तो उद्या आपला निरपराध पोरगा असू शकतो. पोलिसांनी पुरावा गोळा करायचा. खरेखोटे कोर्टाने ठरवायचे. अटक करताना पोलिसाच्या छातीवर नावाची पट्टी स्पष्ट दिसली पाहिजे. अटकेचा कागद करून त्यावर घरच्या माणसाची किंवा गावातल्या प्रतिष्ठित माणसाची साक्ष घ्यावी लागते. नातेवाइकांना कळवावे लागते. प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत आरोपीला मॅजिस्ट्रेटसमोर उभे करावेच लागते. सूर्य मावळल्यापासून उगवेपर्यंत बाईला अटक करता येत नाही. अगदी अपवाद म्हणून करायची तर महिला अधिकारी हवी आणि मॅजिस्ट्रेटची आधी परवानगी हवी.

हे नियम सहज झालेले नाहीत. १९७२ साली विदर्भात देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर पोलिसांनीच बलात्कार केल्याचे प्रकरण झाले. नागपूरच्या उच्च न्यायालयाने पोलिसांना दोषी धरले, पण सर्वोच्च न्यायालयात ते सुटले. मुलीच्या अंगावर झटापटीच्या खुणा नाहीत, असे त्यात म्हटले होते. देशभर स्त्रिया रस्त्यावर आल्या. ठाण्याच्या चार भिंतींत, रात्री, गणवेशातल्या माणसासमोर एक गरीब मुलगी झटापट कशी करणार, असा त्यांचा सवाल होता. १९८३ साली कायदा बदलला. पोलिसांच्या ताब्यात असलेल्या स्त्रीवरील बलात्कारासाठी वेगळे, कडक कलम आले. आणि तिने कोर्टात ‘माझी संमती नव्हती’ असे सांगितले, तर कोर्टाने ते खरे धरून चालायचे, असे ठरले. पोलिसांकडून गंभीर अन्याय झाला तर आज राज्य पोलीस तक्रार प्राधिकरणाकडे दाद मागता येते.

याच खात्यात तुकाराम ओंबळे होते. सातारा जिल्ह्यातल्या केडंबे गावचे. आधी सैन्यात, मग मुंबई पोलिसांत. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईवर अतिरेक्यांचा हल्ला झाला. गिरगाव चौपाटीजवळ नाकाबंदीला ओंबळे उभे होते. सहायक फौजदार, हातात नुसती काठी. अतिरेक्यांची गाडी अडवली गेली. ओंबळे पुढे झाले आणि समोरच्याच्या बंदुकीची नळी त्यांनी दोन्ही हातांनी धरली. गोळ्या त्यांच्या अंगात घुसल्या. त्यांनी नळी सोडली नाही. त्यामुळे सोबतच्या पोलिसांना त्या अतिरेक्याला जिवंत पकडता आले, आणि कट कोणी रचला ते जगाला कळले. २००९ साली ओंबळ्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळाले. सद्रक्षणाय खलनिग्रहणाय, म्हणजे सज्जनांचे रक्षण आणि दुष्टांचा बंदोबस्त, हे महाराष्ट्र पोलिसांचे ब्रीद आहे.

पोलिसांकडे काय मागू नये, तेही माहीत असावे. बांधाचा वाद, वाटणीचा वाद, उसने दिलेले पैसे, यांचा निकाल ठाण्यात लागत नाही. त्यासाठी भूमापन कचेरी, महसुली कचेरी, दिवाणी कोर्ट आहे. फौजदाराने दम देऊन बांध सरकवून दिला, तर आज आपल्याला बरे वाटेल. उद्या दुसरा फौजदार तो परत सरकवील.

मावशींची गोष्ट राहिली. त्या दिवशी दुसरा कागद लिहिला गेला. त्यात ‘कडी तोडून चोरून नेल्या’ असे शब्द होते. मावशींनी तोही वाचला. मग सही केली. सहीला वेळ लागला, शेवटच्या अक्षराची वेलांटी चुकली. प्रत घडी करून त्यांनी कमरेच्या पिशवीत ठेवली. फिर्यादीत त्यांनी एक गोष्ट मुद्दाम लिहवून घेतली होती: बोकडाचा डावा कान फाटका, आणि एका शेळीच्या कपाळावर पांढरा चांद. ती खूण तालुक्यातून जिल्ह्यात, जिल्ह्यातून शेजारच्या जिल्ह्यात गेली. तिथल्या आठवडे बाजारात फाटक्या कानाचा बोकड आणि चांदाची शेळी अडवली. विकणाऱ्याकडे खरेदीची पावती नव्हती. बाकीच्या तीन शेळ्या तोवर कापल्या गेल्या होत्या.

जनावरे मुद्देमाल झाली, म्हणून परत मिळायला कोर्टात अर्ज करावा लागला. ‘बोलावाल तेव्हा हजर करीन’ असे बंधपत्र लिहून दिल्यावर मावशींनी दोघांना घरी आणले. खटला अजून चालू आहे. फिर्याद दिल्यापासून ९० दिवसांच्या आत तपास कुठवर आला ते पोलिसांनी फिर्यादीला कळवायचे असते. मावशींनी ती तारीख दिनदर्शिकेवर खडूने खूण करून ठेवली होती. त्या दिवशी त्या आपणहून ठाण्यात गेल्या. ठाणे अंमलदार तेच होते. ‘या आजी,’ ते म्हणाले आणि कागद आधी त्यांच्यापुढे ठेवला, पॅड नाही.

आता वहीत लिहा. आपल्या गावाचे पोलीस ठाणे कोणते? त्याचा फोन काय? आपल्या बीटाचे अंमलदार कोण? पोलीस पाटील कोण? ठाऊक नसेल तर उद्या विचारून या. मग अशी कल्पना करा की तुमची सायकल घरापुढून चोरीला गेली आहे. फिर्याद पाच ओळींत लिहा. सायकलीची खूण लिहा, किंमत लिहा, शेवटी कधी पाहिली ती वेळ लिहा. शेजारच्याला ती वाचायला द्या. ‘हरवली’ असे कुठे लिहिले गेले असेल, तर त्याला बोट ठेवायला सांगा.